शून्याच्या पोटातली रेघ

अमेरिकेत जुन्या बंदुकांचे लिलाव करणारी एक छोटी पेढी आहे, तिथे मी कॅटलॉगचं काम करतो. आलेली बंदूक उघडायची, मोजायची, तोलायची, शिक्के वाचायचे आणि गिऱ्हाईक फसणार नाही अशा चार ओळी लिहायच्या. नेमबाजी मला जेमतेम येते. पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात काळे केलेत, त्यामुळे दोन भोकांमधलं अंतर मोजायला दिलं तर मी चुकत नाही, आणि या धंद्यात त्याला मोल आहे.

एक बाई वडिलांच्या माघारी त्यांची दुनळी घेऊन आल्या. पार्कर, व्हीएच ग्रेड, घोडे आत दडलेली, १६ बोअर, २८ इंची नळ्या. सोबत वडिलांनी लिहून ठेवलेलं एक कार्ड होतं: बंदूक कधी घेतली, कोणत्या दुकानातून, किती डॉलरला. आणि खाली दोनदा अधोरेखित केलेले दोन शब्द, ‘शून्य फ्रेम’.

पार्कर ब्रदर्सचा कारखाना कनेटिकट राज्यात मेरिडन गावी होता. १९३४ मध्ये तो रेमिंग्टनने घेतला, पुढे काम न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनला गेलं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत ही बंदूक बंदच पडली. आता तिच्यामागे वेडे झालेले संग्राहक आहेत, आणि त्यांचं वेड बऱ्याचदा फ्रेमच्या नंबरावर येऊन थांबतं.

दुनळीत फ्रेम म्हणजे मधला पोलादी ठोकळा. पुढे नळ्या त्याच्यावर उघडतात-मिटतात, मागे दस्ता बसतो. बोअर हे नळीच्या भोकाचं माप (आकडा लहान तितकं भोक मोठं), फ्रेमचं त्याच्याशी घट्ट लग्न लागलेलं नाही. तालमीत दोन पोरांची उंची एक असते, पण हाडपेर वेगळं, तसंच हे. बदकांवर दाबून भरलेली काडतुसं उडवायची असतील तर १२ बोअर दोन नंबरच्या फ्रेमवर घ्यायची. दिवसभर रान तुडवायचं असेल तर दीड किंवा एक नंबरवर. पार्करचे नंबर तीन शून्यांपासून सुरू होतात, मग दोन शून्यं, शून्य, एक, दीड, दोन असे चढत सातापर्यंत जातात. तीन शून्यांवर चिमुकली ४१० बोअर, अगदी वरच्या नंबरांवर ८ बोअरची धूडं. १६ बोअर बहुतेक वेळा शून्यावर किंवा एकावर, आणि बाजार शून्यासाठी जीव टाकतो.

नंबर ठोकलेला असतो नळ्यांच्या खाली, लगवर, म्हणजे फ्रेममध्ये अडकणाऱ्या पोलादी गाठीवर. नळ्या उतरवल्याशिवाय तो दिसतच नाही. मी उतरवल्या. शून्य होतं, ठसठशीत.

मग बंदूक काट्यावर ठेवली. सात पौंडांना एक औंस कमी! शून्य फ्रेमची १६ बोअर साधारण सहा ते साडेसहा पौंडांत बसते. लाकूड भरीव असलं तर दोन-चार औंस वाढतात, हे खरं. नळ्या जाड असल्या तरी वाढतात. पण पार्करवाल्यांनी त्याचीही नोंद ठेवलेली असते. नळ्यांच्या सपाट बाजूवर त्यांचं घासण्याआधीचं वजन ठोकलेलं असतं, पौंड मोठ्या अंकात आणि औंस त्याच्या डोक्याशी बारीक अंकात. इथे तो आकडा अगदी सर्वसाधारण होता. मग ही चरबी आली कुठून?

आमच्याकडे एक म्हातारे कारागीर आहेत, चाळीसेक वर्षं दुनळ्या दुरुस्त करणारे. त्यांना हाक मारली. ते शिक्क्याकडे ढुंकूनही न बघता म्हणाले, “आधी पिना मोज.”

फ्रेमच्या उभ्या तोंडावर दोन भोकं असतात. त्यांतून पिना पुढे येऊन काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीवर आपटतात. या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर म्हणजेच मागच्या टोकाला दोन नळ्यांच्या मध्यांमधलं अंतर, आणि ते फ्रेमच्या आकाराबरोबर बदलतं. हे अंतर कानस मारून कमी करता येत नाही, शिक्का ठोकून लपवता येत नाही. शून्य फ्रेमला ते एक इंच भरतं. इथे कॅलिपर त्याच्या स्पष्ट पुढे जाऊन थांबला. तिजोरीत निर्विवाद एक नंबरची दुसरी १६ बोअर होती, तिच्यावर लावला तर काटा त्याच जागी.

नळ्या दुसऱ्या बंदुकीच्या असाव्यात, ही शंका आधी फेडून घेतली. तसं असतं तर टोपीवरचा खड्डा मध्यावर न पडता एका कडेला पडला असता. आम्ही दारू-छर्रे नसलेली, नुसती टोपी असलेली काडतुसं घालून चाप ओढले. दोन्ही खड्डे बरोबर मधोमध. सिरियल नंबरही फ्रेमवर, नळ्यांवर आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावर एकच. म्हणजे बंदूक सगळी एकाच घरातली, खोटा होता फक्त तो शून्य.

म्हाताऱ्यांनी दिवा अगदी खाली, लगच्या पातळीवर धरला आणि मी भिंग लावलं. कारखान्याच्या कानशीच्या बारीक रेघा लगभर एका दिशेने गेल्या होत्या. शून्याभोवती नखाएवढ्या जागेत त्या आडव्या होत्या, आणि पृष्ठभाग किंचित खोल. दिवा आणखी तिरका केल्यावर शून्याच्या पोटात एक उभी पुसट रेघ दिसली. घासून काढलेला एक! ज्याने हे केलं त्याचा हात चांगला होता, पण घाई नडली. आणखी एक कानस मारली असती तर रेघ गेली असती. अर्थात पिना तशाच राहिल्या असत्या.

बाईंना सांगणं हे माझं काम नव्हतं, पण मोजमाप माझं होतं म्हणून मलाच बसवलं. दिवा, भिंग, दोन्ही बंदुका, कॅलिपर, सगळं दाखवलं. त्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. “म्हणजे बाबांनी हे...” त्या थांबल्या. मी कार्ड पुढे केलं. वडिलांनी शून्य फ्रेमचा भाव मोजला होता, तारखेसकट लिहिलं होतं. खोडसाळपणा करणारा माणूस स्वतः इतके पैसे मोजत नाही. बाई जरा सैलावल्या. दुकान कधीच बंद झालेलं, त्यामुळे भांडायचं कुणाशी हा प्रश्नच नव्हता.

माझं स्वतःचं मत विचाराल तर शून्याचं हे वेड निम्मं दिखाऊ आहे. इंग्रज बंदूककार ग्रीनर यांचा जुना नियम आहे की बंदूक छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावी. एक औंस छर्ऱ्यांना सहा पौंड, सव्वा औंसाला साडेसात. हलकी बंदूक खांद्यावर मिरवायला गोड, पण जरा भारी काडतूस घातलं की तीच खांदा सोलते. पार्करचाच समकालीन फॉक्स. त्याच्या कारखान्याने १६ आणि २० बोअरला एकच छोटी फ्रेम वापरली आणि कुणाचं काही बिघडलं नाही. मोडक्या शिक्क्यासाठी लोक हजारो डॉलर मोजतात, कॅलिपर मात्र कुणी खिशात ठेवत नाही.

कॅटलॉगमध्ये लिहिलं: ‘एक नंबरची फ्रेम, लगवरचा शिक्का नंतर बदललेला, पिनांचं अंतर मोजून खात्री केलेली.’ भिंगाखालचा फोटोही छापला. पेढीच्या मालकांना वाटत होतं की अशाने बंदूक पडून राहील. बाईंनीच आग्रह धरला, छापा म्हणाल्या.

लिलावाच्या आदल्या दिवशी एका गृहस्थांचा फोन आला. ग्रेड, नक्षी, सिरियल नंबर काही विचारलं नाही. वजन विचारलं, दस्त्याची लांबी विचारली. मग म्हणाले, “एक नंबरच हवी होती मला. मातीच्या तबकड्या उडवतो, शून्याने गालफड सुजतं.” त्यांनीच घेतली, एक नंबरच्या चालू भावात.