३६ अंडी आणि तीन हजार माणसे

गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांची ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ ही १९६७ सालची कादंबरी मी ग्रेगरी राबासा यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचायला घेतली आणि दोनदा अर्ध्यावर सोडली. बुएंदिया घराण्यातले पुरुष पिढ्यानपिढ्या होसे आर्कादिओ नाहीतर औरेलियानो. कर्नल औरेलियानोला तर १७ मुलगे, आणि सगळ्यांचे नाव औरेलियानोच. दर दोन पानांनी पुस्तकाच्या सुरुवातीची वंशावळ उघडायची आणि तोवर कथेचा धागा सुटलेला असायचा.

तिसऱ्या खेपेस वंशावळ पाहणेच बंद केले. मग उर्सुलाचे, म्हणजे या घराच्या मूळ बाईचे, निरीक्षण नजरेत भरले: औरेलियानो अबोल आणि बुद्धीने लख्ख, होसे आर्कादिओ उतावळे आणि धाडसी. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत आमच्याही घरात आहे, आणि नावाबरोबर स्वभावही उतरतो असे आजी खात्रीने म्हणत असे.

पुढे एका होसे आर्कादिओला गोळी लागते. त्याच्या रक्ताची धार दाराखालून निघते, रस्ता ओलांडते, आईच्या घरात शिरताना गालिचे डागाळू नयेत म्हणून भिंतीच्या कडेने जाते आणि स्वयंपाकघरात पोहोचते, तेव्हा उर्सुला पावासाठी ३६ अंडी फोडण्याच्या तयारीत असते. त्या ३६ आकड्यापाशी माझा सगळा विरोध गळून पडला. इतका हिशेब ठेवणाऱ्या निवेदकावर अविश्वास कसा दाखवायचा?

या विश्वासाची खरी किंमत मात्र केळीच्या मळ्यांतल्या संपाशी कळली. डिसेंबर १९२८ मध्ये कोलंबियातील सिएनागा येथे युनायटेड फ्रूट या अमेरिकी केळी कंपनीच्या संपकरी मजुरांवर लष्कराने खरोखरच गोळीबार केला होता, आणि मृतांचा आकडा अजून वादात आहे. कादंबरीत याच घराण्यातला होसे आर्कादिओ सेगुंदो गोळीबारानंतर प्रेतांनी भरलेल्या आगगाडीत शुद्धीवर येतो, उडी टाकतो आणि पावसात चालत माकोंदोला, म्हणजे बुएंदियांच्या गावी, परततो. पहिल्याच घरातली बाई त्याला कॉफी देते. तीन हजार तरी असतील, असे तो सांगतो. ती कणवेने त्याच्याकडे पाहते आणि म्हणते, इथे कुणीच मेलेले नाही. एक मुलगी चादरींसकट आकाशात गेली, हे ज्या गावाने खुशाल मानले, ते हेच गाव. मरेपर्यंत तो तोच आकडा सांगत राहतो, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारा घरात एकच मुलगा उरतो.