मुंबईत सोमवारी, श्टुटगार्टात पुढच्या वर्षी

गेल्या वर्षी जूनमधली गोष्ट. दुपारचे चार वाजले होते, म्हणजे मुंबईत साडेसात, मी इथे जर्मनीत, श्टुटगार्टच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ब्रेत्सेल चावत बसले होते आणि कॉलेजच्या मैत्रिणीचा व्हिडिओ आला. पवईतल्या तिच्या ऑफिसात त्याच दिवशी सकाळी नवीन एआय एजंट, म्हणजे स्वतःच कोड लिहिणारं टूल, सगळ्यांच्या लॅपटॉपवर टाकला होता. व्हिडिओत काळी टर्मिनल विंडो, त्यात तो स्वतःच फाइली उघडतोय, बदलतोय, टेस्ट चालवतोय, चुकला की परत करतोय आणि ही मागून ओरडतेय, "अगं बघ, चहा घेऊन येईपर्यंत अर्धं फीचर झालं! तुमच्याकडे आलं का?"

आमच्याकडे फॉर्म आला होता. म्हणजे तो टूल वापरायची परवानगी मागायला कोणता फॉर्म भरायचा, याची मेल आली होती.

मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, पण बहिणींचे स्वभाव बघा. तिकडे सोमवारी आलेली वस्तू सोमवारी संध्याकाळी जुनी होते, इकडे रेल्वे स्टेशनचं काम २०१० ला सुरू झालंय आणि मी अजून पत्र्यांच्या कडेकडेने ट्रेनला जाते.

तर हा फॉर्म जातो कुठे? बेट्रिब्सराट. कामगारांनी निवडून दिलेली कंपनीतलीच समिती. आपल्याकडे युनियन म्हटलं की गेटवरची घोषणाबाजी डोळ्यासमोर येते, इथे ती मंडळी मिटिंग रूममध्ये पाण्याची बाटली आणि कायद्याचं पुस्तक घेऊन बसतात. या समित्यांबद्दलच्या १९७२ च्या जर्मन कायद्यातलं कलम ८७ सांगतं की कर्मचाऱ्याच्या वागण्यावर किंवा कामावर लक्ष ठेवू शकेल असं कुठलंही तांत्रिक साधन आणायचं तर या समितीची संमती लागते, आणि कंपनीचा हेतू काय आहे ते महत्त्वाचं नाही, लक्ष ठेवता येतं ना, मग झालं. कायदा टाइमकार्डच्या काळातला पण एजंटला बरोब्बर लागू पडतो.

मी त्या मिटिंगला गेले होते, टूल काय करतं ते समजावायला. समितीत खरेदी विभागातल्या एक बाई आहेत, प्रोग्रामिंगशी संबंध शून्य. माझा सगळा डेमो त्यांनी शांतपणे बघितला आणि एकच प्रश्न विचारला, कोणी किती वापरलं हे साहेबाला दिसतं का? मी मनात म्हटलं, झालं, आता हे असलं काहीतरी घेऊन बसणार. मग अॅडमिनचं पान उघडलं तर नावानिशी यादी! कोणी किती वेळा विचारलं, किती ओळी स्वीकारल्या, कोण आठवडाभर फिरकलंच नाही. मी गप्प. पुढे काय, तर चार महिने चर्चा.

या चार महिन्यांत मी मैत्रिणीसमोर यथेच्छ रडून घेतलं.

पण गंमत अशी की खरी मजा मला ज्या टूल्सनी दिली त्यांना कोणाची परवानगी लागली नाही. पायथॉनवाल्यांनो, यूव्ही वापरताय ना? नसाल तर हे वाचणं थांबवून आधी ते करा. २०२४ च्या फेब्रुवारीत आलं, रस्ट भाषेत लिहिलेलं आहे, आणि पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, उतरवणारं पिप, प्रत्येक प्रोजेक्टला वेगळी जागा देणारं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, वेगवेगळ्या पायथॉन व्हर्जन्स सांभाळायचं वेगळं टूल, ही सगळी वरात एकट्याने उचलतं. आमच्या एका जुन्या प्रोजेक्टमध्ये पॅकेजेस टाकायला चारेक मिनिटं जायची, तीही सगळं नीट जुळलं तर, नाहीतर अमक्याला तमक्याची जुनी व्हर्जन हवी आणि तमक्याला नवी, म्हणजे सासरमाहेरचं भांडण. यूव्हीने ते दहा सेकंदांत केलं, आणि दुसऱ्यांदा चालवलं तेव्हा मला वाटलं काही झालंच नाही, कमांड चुकली बहुतेक. एकदा उतरवलेलं पॅकेज ते एका जागी साठवून ठेवतं आणि पुढच्या प्रोजेक्टला नुसतं जोडून देतं, परत कॉपी करत बसत नाही. त्याला ना अकाउंट, ना कोड बाहेर कुठे पाठवायचा, ना कोणाचं नाव यादीत. त्यामुळे समितीही नाही आणि फॉर्मही नाही.

शेजारी बसणाऱ्या साठीच्या सहकाऱ्याला मी हे उत्साहाने दाखवलं. तो इथला अस्सल श्वाबी माणूस, त्याने दोनदा चालवून पाहिलं, मान हलवली आणि "चालतं" म्हणाला. इथे म्हणच आहे, शिव्या घातल्या नाहीत म्हणजे भरपूर कौतुक झालं. आमच्या आजोबांशी याचं छान जमलं असतं.

दुसरी बातमी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल, मायक्रोसॉफ्टच्या टाइपस्क्रिप्ट भाषेचा कंपायलर, म्हणजे कोड तपासून भाषांतर करणारा प्रोग्राम, गो भाषेत नेतायत ती. २०२५ च्या मार्चमध्ये जाहीर झालं. व्हीएस कोड या त्यांच्याच एडिटरचा स्वतःचा जवळपास पंधरा लाख ओळींचा कोड तपासायला जुन्या कंपायलरला ७७.८ सेकंद लागायचे, नव्याला ७.५. लगेच जगभरातले लोक भांडायला लागले, रस्ट का नाही, सी शार्प का नाही, स्वतःच्याच कंपनीची भाषा सोडून गूगलची का घेतली वगैरे. उत्तर फार साधं होतं, नव्याने लिहायचं नाहीये, आहे तोच कोड ओळीला ओळ लावून न्यायचाय, आणि जुन्या कोडची जी ठेवण आहे ती गोमध्ये सर्वांत कमी मोडतोड होऊन बसते. घर पाडून बांधणं वेगळं आणि सामान तसंच्या तसं दुसऱ्या घरात लावणं वेगळं. मला हा निर्णय भारी आवडला.

आणि हे जाहीर करणारा माणूस कोण, तर अँडर्स हायल्सबर्ग. १९८३ मध्ये बोरलँड कंपनीने टर्बो पास्कल आणलं त्याचा कंपायलर याचाच. तेव्हाही त्या टर्बोचं नाव झालं ते कंपाइल झटकन व्हायचं म्हणून. त्याच बोरलँडचं टर्बो सी म्हणजे आपली ती निळी स्क्रीन! लॅबमध्ये दोघींत एक पीसी, वर क्लीअर स्क्रीन, खाली गेट-सीएच, कंट्रोल आणि एफ-नाइन दाबायचं आणि मॅडम यायच्या आत जर्नलमध्ये आउटपुट उतरवायचं. मैत्रिणीला हे लिहून पाठवलं तर ती म्हणाली, "म्हणजे माणूस चाळीस वर्षं एकच काम करतोय आणि आपण दर सहा महिन्यांनी टूल बदलतोय."

तर, नोव्हेंबरात आमच्या एजंटला परवानगी मिळाली. सहा जणांचा पायलट, म्हणजे आधी वापरून बघायचं, आणि लेखी करार, की नावानिशी आकडे कोणालाही दिसणार नाहीत. त्याच आठवड्यात मैत्रिणीचा फोन, आवाज पडलेला. तिच्याकडे दर शुक्रवारी शीट फिरते, कोणी एजंट किती वापरला, आणि खालच्या तिघांना मॅनेजर बोलावतो. त्यामुळे सगळे लोक उगाचच काहीबाही विचारत बसतात, आकडा वाढावा म्हणून. मला खरेदी विभागातल्या बाई आठवल्या. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये भेटल्या तर मी मुद्दाम त्यांच्या टेबलावर जाऊन बसले.

एजंट कसा निघाला? सांगते. आमचं काम विजेच्या मीटरच्या आकड्यांचं आहे. दर पंधरा मिनिटांना एक आकडा, म्हणजे दिवसाचे ९६. पण वर्षातून दोन दिवस हे गणित मोडतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं तेव्हा आकडे ९२, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीनचे परत दोन वाजतात तेव्हा १००. तो दिवस खरोखर पंचवीस तासांचा असतो. त्या दिवसाची एक टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारा तुकडा, फेल होत होती, मी एजंटला म्हटलं कारण शोध. पाच मिनिटांत सगळं हिरवं, वर नम्र सारांश: टेस्टमधली अपेक्षित संख्या चुकली होती, ती दुरुस्त केली. बघते तर पठ्ठ्याने १०० खोडून ९६ केले होते! कोडमधली चूक जागच्या जागी, आणि चूक पकडणारा पोलीस तेवढा बदलीवर पाठवला.

मला ते दिसलं याचं कारण हुशारी नाही. इथल्या पहिल्याच ऑक्टोबरात मी भिंतीवरचं घड्याळ बदलायला विसरले होते आणि कडाक्याच्या थंडीत स्टेशनवर एक तास आधी जाऊन, मैत्रिणी आल्या नाहीत म्हणून फोन करकरून सगळ्यांना उठवलं होतं. ज्याने आयुष्य भारतात काढलंय त्याला घड्याळ पुढेमागे होतं हे कळतं, पण अंगात मुरायला असा एक फजितीचा रविवार लागतो.

टाकाऊ आहे असं नाही हं. एका निवृत्त माणसाने लिहिलेला पर्ल भाषेतला जुना स्क्रिप्ट, जर्मन कमेंट्ससकट, एजंटने मला असा उलगडून सांगितला की माझे दोन दिवस वाचले. वाचले असं वाटलं तरी. कारण मेटर नावाच्या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर्सना २४६ कामं दिली होती, काही एआयसह, काही त्याशिवाय. एआयसह १९ टक्के वेळ जास्त लागला, आणि त्या लोकांना मात्र शेवटपर्यंत वाटत होतं की आपला २० टक्के वाचला. ते डेव्हलपर स्वतःच्या ओळखीच्या जुन्या कोडवर काम करत होते आणि टूल्सही त्या वर्षाच्या सुरुवातीची होती, त्यामुळे सगळ्यांना सरसकट लावू नये. पण पायलटच्या फॉर्मवर "आठवड्यात किती तास वाचले" हा रकाना आला तेव्हा माझा पेन अडकला. मैत्रिणीकडे हा रकाना असता तर तिने दहा लिहून टाकले असते, शुक्रवार जवळ आला होता.

त्या टेस्टच्या डोक्यावर आता मी कमेंट टाकलीय: आजचा दिवस पंचवीस तासांचा आहे, कृपया दुरुस्त करू नये. दोन दिवसांनी पाहिलं तर खाली शेजारच्या श्वाबी आजोबांनी एक ओळ जोडली होती: माणसांनीसुद्धा.