माझा अनुभव : समुपदेशनाचं प्रॅक्टिकम आणि ‘वापरलेले तंत्र’ हा रकाना

समुपदेशनाचा अभ्यासक्रम पूर्ण झाला, प्रमाणपत्र हातात पडलं, मी कामालाही लागले. तरी सत्र-अहवालाच्या त्या तक्त्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. जे सध्या प्रॅक्टिकम, म्हणजे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष समुपदेशनाचा सराव, करताहेत किंवा पुढे करणार आहेत, त्यांना हा तक्ता या ना त्या रूपात भेटणारच. म्हणून सविस्तर लिहिते.

प्रवेश, लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा यांत अडण्यासारखं काही नव्हतं. तत्त्वांचा भाग तर मला मनापासून आवडला. समाजकार्याचे अभ्यासक फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ साली मदतीच्या नात्याची सात तत्त्वं मांडली : प्रत्येक माणसाकडे वेगळा माणूस म्हणून पाहणं, त्याला भावना मोकळेपणाने बोलू देणं, आपली भावनिक गुंतवणूक ताब्यात ठेवणं, स्वीकार, दोष न देणं, स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याचा त्याचा हक्क आणि गोपनीयता. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी माणसात बदल घडायला लागणाऱ्या सहा अटी सांगितल्या. त्यांतल्या समुपदेशकाने पाळायच्या तीन सगळ्यांना पाठ असतात : समानुभूती, विनाअट स्वीकार आणि सच्चेपणा. या अटी आवश्यक तर आहेतच, शिवाय पुरेशाही आहेत, असं रॉजर्स यांचं म्हणणं होतं. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण नातं आधी आणि तंत्र नंतर, हा क्रम मला तेव्हा पटला आणि आजही पटतो.

प्रॅक्टिकमला मात्र क्रम उलटा निघाला.

प्रत्येक सत्राचं रेकॉर्डिंग ऐकून त्यातला ठरावीक भाग शब्दशः उतरवायचा, हे योग्यच होतं. आपण काय बोललो असं आपल्याला वाटतं आणि आपण खरोखर काय बोललो, यातलं अंतर दुसऱ्या कशाने कळत नाही. रॉजर्स यांनी १९४०च्या सुमारास तबकड्यांवर सत्रं ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली ती यासाठीच. बंद दाराआड काय चालतं ते तोवर समुपदेशकाच्या आठवणीवर अवलंबून असायचं. त्यामुळे लिहिण्याच्या कष्टांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार तक्त्याची आहे.

तक्त्याच्या डोक्यावर एक चौकट होती : ‘स्वीकारलेला दृष्टिकोन (एकच लिहावा)’. ती पहिल्या सत्राआधी भरून द्यायची. म्हणजे माणूस समोर आलेला नाही, त्याचा प्रश्न माहीत नाही आणि त्याच्याशी कुठल्या पद्धतीने बोलणार ते लिहून सही करायची. खाली चार रकाने : क्लायंटचे विधान, समुपदेशकाचे विधान, वापरलेले तंत्र, तंत्राचा परिणाम. तिसऱ्या रकान्यासाठी मागच्या पानावर यादी छापलेली : खुला प्रश्न, बंद प्रश्न, पुनर्कथन, भावनांचं प्रतिबिंबन, सारांश, विसंगती दाखवणं, किमान प्रोत्साहन, अर्थबोध आणि असंच बरंच काही. प्रत्येक ओळीसमोर यातलं एक नाव हवंच.

आता माझी ओळ कुठे अडकली ते सांगते. ती व्यक्ती कोण हे सांगणार नाही, तपशील आणि वाक्यंही मी बदलली आहेत. ती म्हणाली, “आई गेल्यापासून घरात सगळं नीट चाललंय.” आणि थांबली. पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिली, सोडत राहिली. मी काही बोलले नाही. मान हलवली नाही, ‘हं’ केलं नाही. नुसती तिच्यासोबत बसून राहिले. रेकॉर्डिंगवर हा काळ जवळजवळ ५० सेकंदांचा आहे आणि ऐकताना तो फार मोठा वाटतो. मग ती म्हणाली, “नीट चाललंय, हेच सहन होत नाही.”

पुढची सगळी सत्रं या एका वाक्यावर उभी राहिली. मधेच मी “मग तुम्हाला कसं वाटतं?” असं विचारलं असतं, तर तिने सभ्यपणे काहीतरी उत्तर दिलं असतं आणि हे वाक्य पुन्हा आत गेलं असतं. याची मला तेव्हाही खात्री होती, आजही आहे.

अहवालात मी त्या जागी ‘शांतता, ५० सेकंद’ असं लिहून तंत्राचा रकाना रिकामा ठेवला. अहवाल परत : ‘रकाना अपूर्ण.’ मी ‘मौन’ लिहिलं. परत : ‘यादीतील तंत्र निवडावे.’ समक्ष जाऊन भेटले, तर अहवाल तपासणारे सर म्हणाले, “किमान प्रोत्साहन लिहा की! कोण एवढं बघतंय?” बरोबरच्या दोघीतिघींचाही हाच सल्ला होता. लिहून टाक, पुढे जा, तास भरायचेत.

मला ते करायचं नव्हतं आणि त्याचं कारण हट्ट हे नव्हतं. किमान प्रोत्साहन म्हणजे ‘हं’, ‘बरं’, ‘मग?’, मान हलवणं. समोरच्याला बोलतं ठेवण्यासाठी दिलेला छोटा हुंकार. मी तसं काहीच केलं नव्हतं. तिला बोलतं ठेवण्याची घाई करायची नाही, हेच मी ठरवलं होतं. नाव चुकीचं पडलं की सुपरव्हिजनला, म्हणजे मार्गदर्शकाबरोबर आपल्या सत्रांवर बोलायच्या बैठकीला, चर्चाही चुकीची होते. मार्गदर्शक मॅडम मला शांततेबद्दल विचारणार कशा, जर कागदावर ती शांतता नाहीच? प्रशिक्षणात सर्वांत अवघड जे आहे, म्हणजे न बोलता हजर राहणं, ते तपासायची सोयच त्या तक्त्यात नव्हती.

आणि यातून दुसरं नुकसान होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माणसं रकाने भरण्यासाठी तंत्रं वापरायला लागतात. सरावाच्या एका सत्रात समोरची व्यक्ती रडत असताना चमत्कार-प्रश्न विचारला गेला : “रात्रीत चमत्कार झाला आणि सकाळी तुमची समस्या गेलेली असली, तर तुम्हाला पहिल्यांदा काय वेगळं दिसेल?” प्रश्न उत्तम आहे. स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांच्या उपाय-केंद्री पद्धतीतला तो गाभ्याचा प्रश्न. पण रडणं ऐकून घ्यायच्या आत तो विचारला तर समोरच्याला एवढंच कळतं, की माझं रडणं यांना नको आहे.

‘एकच दृष्टिकोन’ या चौकटीबद्दलही तेच. वरचंच वाक्य घ्या : “नीट चाललंय, हेच सहन होत नाही.” रॉजर्स यांच्या व्यक्तिकेंद्री पद्धतीचा समुपदेशक म्हणेल, “तिची उणीव कुणालाच भासत नाही, याचं तुम्हाला दुखतंय.” आरन बेक यांच्या बोधात्मक पद्धतीचा विचारेल, “घरात सगळं नीट चाललेलं दिसतं, त्या क्षणी मनात कुठला विचार येऊन जातो?” आल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीचा त्या वाक्यामागची मागणी शोधेल : घरच्यांनी माझ्याइतकंच दुःख केलं पाहिजे. मनोगतिकीवाला, म्हणजे मनातले जुने, नकळत चालणारे संघर्ष शोधणारा, आईशी असलेल्या जुन्या नात्याकडे, कदाचित न बोललेल्या रागाकडे वळेल. उपाय-केंद्री समुपदेशक ० ते १० अशी पट्टी देईल आणि तिने ३ म्हटलं तर विचारेल, “शून्यावर नाही, तीनवर आहात, हे कशामुळे जमतंय?” पाचही वाटा तिच्या कामाच्या असू शकतात. कुठली आज, कुठली पुढच्या महिन्यात, हे तिच्यासमोर बसल्याशिवाय ठरत नाही. मी व्यक्तिकेंद्री रीतीने सुरुवात केली आणि बऱ्याच पुढे, तिचा विश्वास बसल्यावर, विचार-नोंदीची, म्हणजे प्रसंग आणि तेव्हा मनात आलेला विचार लिहून ठेवायची, वही दिली. ती तिने मन लावून भरली. पहिल्याच भेटीत दिली असती तर ती दुसऱ्यांदा आली नसती, असं माझं मत आहे.

शेवटी मी अर्ध्या पानाचं टिपण लिहून अहवालाला जोडलं. त्यात दोन मुद्दे ठेवले. एक, रॉजर्स यांनी विस्कॉन्सिनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबरोबर केलेल्या कामाचा. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एका अबोल तरुणाची सत्रं आहेत. त्यांत कित्येक मिनिटांच्या शांतता आहेत आणि त्या मोजून नोंदवलेल्या आहेत. शब्दशः नोंदीची परंपरा जिथून आली तिथेच शांतता लिहिली जात असेल, तर आपल्या तक्त्यात तिला जागा का नसावी? दुसरा मुद्दा एडवर्ड बॉर्डिन यांचा. १९७९ साली त्यांनी मांडलं, की पद्धत कुठलीही असो, समुपदेशक आणि क्लायंट यांची कार्य-युती तीन गोष्टींवर उभी राहते : उद्दिष्टांवर एकमत, कामांवर एकमत आणि दोघांमधला बंध. तेव्हा प्रत्येक ओळीसमोर तंत्राचं नाव मागताना, ते कुठल्या उद्दिष्टासाठी, एवढं तरी विचारावं.

मॅडमनी टिपण वाचून सही केली आणि तपासणाऱ्या सरांशी स्वतः बोलल्या. अहवाल ‘विशेष बाब’ म्हणून मंजूर झाला. पुढच्या तुकडीच्या छापील यादीत ‘मौन’ आलं, हे मी पाहिलं आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो. ‘एकच लिहावा’ मात्र अजून तसंच आहे.

त्या चौकटीत काय लिहावं, असं मला बरेच जण विचारतात. खोटं लिहू नका, पण स्वतःला बांधूनही घेऊ नका. मी नंतर ‘व्यक्तिकेंद्री भूमिका, गरजेनुसार बोधात्मक तंत्रे’ असं लिहायचे आणि ते चाललं. नुसतं ‘सर्वसमावेशक’ लिहिलंत तर तोंडी परीक्षेत पकडतात. कुठलं तंत्र कुणाकडून घेतलं आणि का, हे सांगता आलं पाहिजे.

नोंद त्याच दिवशी उतरवा. रेकॉर्डिंगमध्ये आवाज असतो, पण चेहरा नसतो. पिशवीचा बंद मला आठवला तो संध्याकाळी लगेच लिहायला बसले म्हणून. थांबे सेकंदांत लिहा, आवाज बारीक झाला असेल तर तेही लिहा.

उतरवून झालं की आपली विधानं मोजा. प्रेरणात्मक मुलाखतीच्या, म्हणजे बदलाची इच्छा माणसाच्या स्वतःच्याच बोलण्यातून पुढे आणायच्या पद्धतीत एका प्रश्नामागे दोन प्रतिबिंबनं (त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्याला परत सांगणं) हे चांगल्या कामाचं प्रमाण मानतात. हा हिशोब एकदा करून पाहाच. तपासणी वाटल्यास तशी चुलीत जाऊ दे, पण हे मोजणं तुम्हाला कायमचं उपयोगी पडेल. आणि ‘का’ने सुरू होणारे प्रश्न शोधा. “का चिडलात?” विचारलं की माणूस स्वतःचा बचाव करायला लागतो. “चिडण्याआधी काय झालं होतं?” विचारलं की तो आठवायला लागतो.

गोपनीयतेच्या मर्यादा पहिल्या भेटीतच सांगा, हे खरं तर मी सर्वांत आधी लिहायला हवं होतं. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, लहान मुलावर होणारा अत्याचार, कायद्याने मागितलेली माहिती. अशा वेळी गोष्ट खोलीबाहेर जाऊ शकते, हे समोरच्याला बोलण्याआधी कळायला हवं, बोलून झाल्यावर नाही. तुम्ही प्रशिक्षणार्थी आहात आणि तुमचं काम कुणी वरिष्ठ तपासतात, हेही तेव्हाच सांगायचं. त्याने कुणी उठून जात नाही, उलट बरं वाटतं.

रेकॉर्डिंगची संमती समुपदेशनाच्या संमतीपासून वेगळी, लेखी घ्या. कोण ऐकणार, किती दिवस ठेवणार, मधेच नको वाटलं तर काय, हे तिन्ही त्यात हवं. आणि रेकॉर्डिंगला नाही म्हटलं तरी समुपदेशन मिळेल, हे वाक्य हवंच. छापील फॉर्ममध्ये ते नसेल तर हाताने लिहा आणि खाली दोघांच्या सह्या घ्या. मूल्यमापन झाल्यावर रेकॉर्डिंग पुसा, फोनवरची प्रतही पुसा आणि पुसल्याची तारीख त्याच कागदावर टाका.