थाखेकचा लूप, आणि डोंगरावरून उतरवलेली नदी

लाओसमध्ये मोटरसायकलवर एकटीनं फिरणार असं सांगितलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, एकटी का? दुसरा, मग व्हिएतनाम का नाही? व्हिएतनामच्या उत्तरेतले घाट सुंदर आहेतच, पण मला जायचं होतं ते थाखेकलाच. मेकाँगच्या काठावरच्या या लहानशा गावातून निघून साधारण साडेचारशे किलोमीटरचा एक गोल रस्ता आहे. जगभरातले भटके त्याला ‘थाखेक लूप’ म्हणतात आणि चुनखडीच्या गुहा बघायला येतात. मी गेले ते एका धरणासाठी.

मी अलोऱ्याला वाढले, चिपळूणजवळ, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत. बाबा पोफळीच्या वीजघरात नोकरीला होते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: कोयना खरं तर पुढे कृष्णेला मिळणारी, पूर्वेची नदी. तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरवतात, वीज करून घेतात आणि वाशिष्ठीत सोडतात. आमच्या वाशिष्ठीत भर उन्हाळ्यातही पाणी असतं ते त्यामुळे. लाओसमधला नाम थन-२ हा प्रकल्प अगदी याच तत्त्वावर उभा आहे. नाकाईच्या पठारावर नाम थन नदी अडवली, तिचं पाणी पठाराच्या कड्यावरून सुमारे साडेतीनशे मीटर खाली आणलं, वीज केली आणि ते से बांग फाय नावाच्या दुसऱ्याच नदीत सोडलं. २०१० पासून वीज सुरू आहे. क्षमता हजार मेगावॅटच्या वर, आणि जवळजवळ सगळी वीज थायलंडला विकली जाते. हे मी वाचलं त्याच दिवशी थाखेक पक्कं केलं.

आणखी एक कारण होतं. आईचं आजोळ शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाण्याखाली आहे. आमच्या एकाच घरात धरणानं पोसलेले लोक होते आणि धरणानं उठवलेलेही, आणि या विषयावर जेवताना कुणी बोलायचं नाही हा न सांगितलेला नियम होता.

असो. आधी गाडीबद्दल, कारण या प्रवासाविषयी मला निरोप आले आहेत ते सगळे त्याबद्दलच. थाखेकमध्ये भाड्यानं मिळते ती बहुतेक होंडा वेव्ह. चार गिअर, पण क्लचची दांडी नाही. पायानं पुढे दाबत गिअर वाढवायचे. स्प्लेंडरवर शिकलेल्या माणसाला पायाला काही नवं शिकवावं लागत नाही. वजनाला हलकी, पडली तर एकटीनं उचलता येते, आणि तिचा पाना-पकड सगळ्या गावांत असतो. कच्च्या रस्त्यांसाठीची मोठी एन्ड्युरो गाडीही मिळते, पण आता रस्ता बहुतेक सगळा डांबरी आहे, त्यामुळे मला तरी तिची गरज वाटली नाही. वाहतूक उजव्या बाजूनं आहे. सरळ रस्त्यावर याची सवय पटकन होते. धोका असतो तो सकाळी रिकाम्या गल्लीतून बाहेर वळताना, म्हणून मी प्रत्येक वळणाआधी मोठ्यानं ‘उजवीकडे’ म्हणत असे. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढूनच जा. विम्याचा दावा त्यावर अडतो. दुकानदार पासपोर्ट ठेवून घ्यायला मागतात, तेव्हा त्याच्या आणि व्हिसाच्या झेरॉक्स आधीच काढा. पेट्रोलची काळजी नाही, पंप नसेल तिथे टपरीवर बाटल्यांतून विकतात. रोख किप, म्हणजे तिथलं चलन, मात्र भरपूर जवळ ठेवा.

थाखेकहून १२ नंबरच्या रस्त्यानं पूर्वेला निघालं की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना चुनखडीचे काळे, उभे डोंगर लागतात. पायथ्याशी कापणी झालेली भातखाचरं, त्यांत म्हशी, आणि एकदम भिंतीसारखा उठलेला कडा. सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. हे डोंगर तसलं काही करत नाहीत. वाटेत गुहांच्या पाट्या सतत येतात. थाम फा फा नावाच्या गुहेत २००४ साली वटवाघळं धरायला वर चढलेल्या एका गावकऱ्याला बुद्धाच्या २२९ मूर्ती सापडल्या. तोवर त्या तिथे आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं. बायकांना आत जाण्याआधी सिन, म्हणजे तिथलं लुंगीसारखं वस्त्र, गुंडाळावं लागतं, ते तिथेच भाड्यानं मिळतं. फोटो काढू देत नाहीत, आणि ते मला बरं वाटलं; आत सगळे नुसते बसलेले होते.

याच डोंगरांत खा-न्यू नावाचा, खारीसारख्या झुपकेदार शेपटीचा एक उंदीर राहतो. गावकरी त्याला पूर्वीपासून खात आले. शास्त्रज्ञांनी त्याची पहिली नोंद केली २००५ मध्ये, तीही बाजारात विकायला ठेवलेल्या प्राण्यांवरून. मग लक्षात आलं की तो ज्या कुळातला आहे ते एक कोटी दहा लाख वर्षांपूर्वीच संपलं असं सगळे मानत होते. मला तो दिसला नाही. पण कड्यांकडे बघताना तो तिथे आहे हे मनात असायचं.

हाच १२ नंबरचा रस्ता पुढे मू ज्या खिंडीतून व्हिएतनाममध्ये जातो. व्हिएतनाम युद्धात हो ची मिन्ह मार्गाचा, म्हणजे उत्तर व्हिएतनामहून दक्षिणेकडे रसद नेणाऱ्या वाटांचा, हा एक मुख्य दरवाजा होता, त्यामुळे इथे आकाशातून काय पडलं याला हिशेब नाही. खरं तर हिशेब आहे: १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेनं लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. क्लस्टर बॉम्बमधून जे छोटे बॉम्ब सुटले ते २७ कोटींच्या आसपास, आणि त्यांतले तीसएक टक्के फुटलेच नाहीत असा अंदाज आहे. ते अजून मातीत आहेत. म्हणून गाडी थांबवून झाडीत शिरायचं नाही, रुळलेली पायवाट सोडायची नाही. सह्याद्रीत वाट चुकण्यातही एक मजा असते असं मानत मी मोठी झाले. इथे शेतकरी नांगर घालतो तो हे सगळं माहीत असताना. हा विचार मला पूर्ण प्रवासभर सोडत नव्हता आणि सोडू नये असंच वाटतं.

न्योमलात गावाशी रस्ता डावीकडे, उत्तरेला वळतो आणि पठाराच्या पायथ्याशी वीजघर दिसतं. मी गाडी बाजूला घेऊन बराच वेळ उभी राहिले. पोफळीचं वीजघर डोंगराच्या आत आहे, बाहेरून काही दिसत नाही. इथे सगळं उघड्यावर आहे. तारांचे मनोरे रांगेनं पश्चिमेला, मेकाँगपलीकडे निघालेले. आदल्या रात्री थाखेकच्या घाटावर बसून मी पलीकडच्या काठावरचे, थायलंडमधल्या नाखोन फानोमचे दिवे पाहिले होते. त्या विजेचा रस्ता आता समोर होता. बाबा असते तर त्यांनी आधी टर्बाइन कुठल्या जातीचं हे विचारलं असतं.

चढ चढून पठारावर आलं की हवा बदलते. जानेवारीत सकाळी तिथे चक्क थंडी असते, हातमोजे लागतात. आणि मग जलाशय. जंगल न तोडताच बऱ्याच भागात पाणी भरलं, त्यामुळे हजारो झाडांचे राखाडी सांगाडे पाण्यातून वर उभे आहेत. मैलोन् मैल. फोटोंत ते फार देखणं दिसतं, मला ठाऊक आहे, मीही काढले. पूर्ण भरला की हा तलाव ४५० चौरस किलोमीटरचा होतो.

नाकाई आणि थालांगच्या मध्ये रस्त्याकाठी एका गावात मागच्या चाकातली हवा गेली. पंक्चरचं दुकान समोरच होतं: एक कॉम्प्रेसर, पाण्याचं घमेलं, वर टांगलेल्या ट्यूब. मुलगा काम करत होता आणि त्याची आई घराखालच्या सावलीत जाळं सांधत होती. तिकडची घरं लाकडी, खांबांवर उभी, आणि खालच्या जागेत दिवसभराचा संसार. मावशींनी मला बसायला स्टूल दिलं, टोपलीतला चिकट भात आणि भाजलेला मासा पुढे केला. भाताचा गोळा बोटांनी वळून मिरचीच्या चटणीत बुडवून खायचा, हे कुणी शिकवावं लागत नाही. फोनवर भाषांतराचं ॲप होतं, त्यावर आम्ही बोललो. एकटीच का, लग्न झालंय का, मुलं किती, हे प्रश्न अलोऱ्यातलेच.

मग मी विचारलं, तुमचं जुनं गाव कुठे? त्यांनी जाळ्यावरचा हात न काढता हनुवटीनं पाण्याकडे दाखवलं.

पठारावरच्या सहा हजारांहून जास्त लोकांना इथून हलवलं. जागतिक बँक प्रकल्पाच्या पाठीशी होती, त्यामुळे पुनर्वसन जगासमोर होणार होतं. त्यांना घरं बांधून दिली, वीज दिली, रस्ता, शाळा, दवाखाना आला. मावशी म्हणाल्या, घर चांगलं आहे. रस्ता चांगला आहे, मुलाचं दुकान त्यावरच चालतं. मग म्हणाल्या, म्हशी विकल्या, चरायला जागा राहिली नाही. वाट्याला आलेली जमीन हलकी, भात पुरत नाही. सुरुवातीला मासे खूप मिळाले, आता तेवढे नाहीत. तक्रारीचा सूर नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं.

मला सारखी कोयना आठवत होती. महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ साली. कोयनेची माणसं उठली ती त्याच्या कितीतरी आधी. पाणी चढत गेलं तशी कित्येक कुटुंबं घराचे वासे खांद्यावर घेऊन उतारावर वर सरकली, आणि पर्यायी जमिनीसाठी त्यांच्या नातवंडांच्या पिढीलाही आंदोलनाला बसावं लागतं. आमच्या लोकांना खांबांवरची घरं सोडाच, नीट मोजणीही मिळाली नाही. म्हणून नाकाईतली ती सरळ रांगेतली घरं पाहून मला आधी हेवा वाटला, हे लिहायलाच हवं. आणि त्याच बैठकीत हेही कळलं की सगळं कागदावर नीट केलं तरी म्हशी विकाव्याच लागतात. धरणं बांधूच नयेत असं म्हणणारी मी नाही. मी ज्या शाळेत शिकले ती धरणामुळेच होती. पण मोबदल्याच्या यादीत घर येतं, चराऊ रान येत नाही. नदीकाठची भाजी येत नाही. साठ वर्षांपूर्वी आली नव्हती आणि जगातले तज्ज्ञ बसवूनही पुरती आली नाही, याचा मला राग आहे.

पंक्चरचे पैसे मुलानं घेतले, जेवणाचे मावशींनी घेतले नाहीत.

त्यापुढचा प्रवास पटकन सांगते. थालांगचा पूल ओलांडून लाक साओ, तिथून ८ नंबरचा रस्ता. तो घाट फार सुंदर आहे, वळणावळणाला थांबावंसं वाटतं. था बाक गावाशी नदीत लांब, निमुळत्या धातूच्या होड्या दिसतात; लढाऊ विमानांनी टाकून दिलेल्या इंधनाच्या टाक्यांपासून त्या बनवल्या आहेत. बान ना हिनहून आत वळलं की तंबाखूच्या हिरव्यागार शेतांतून काँग लोरला पोचता येतं. इथे नाम हिन बून नदी साडेसात किलोमीटर डोंगराच्या आतून वाहते आणि होडीतून ती पूर्ण पार करता येते. काही ठिकाणी गुहा नव्वद मीटर रुंद आहे. नावाड्याच्या कपाळावरचा दिवा सोडला तर उजेड नाही, उथळ पाण्यात उतरून चालावं लागतं, आणि तासाभरानं एकदम पलीकडच्या दरीत ऊन. बोगद्यांच्या प्रकल्पावर वाढलेल्या मला, डोंगर पोखरून वाट काढलेली नदी पहिल्यांदाच भेटत होती. लूपवर एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

परतीचा १३ नंबरचा रस्ता सपाट आणि ट्रकांचा आहे. तो दुपारच्या आत संपवा, अंधारात गुरं रस्त्यावर बसतात. बायकांनी एकटीनं जावं का? जावं. मला कुठेही वाईट वागणूक मिळाली नाही. संध्याकाळी पाचनंतर गाडी चालवायची नाही एवढाच नियम मी पाळला. थाखेकहून २०११ च्या मैत्री पुलावरून बसनं नाखोन फानोमला उतरलं की पुढे थायलंडमधून परतता येतं.

एक भाग राहिला, आणि तो मला बघायचा आहे. वीजघरातून सुटलेलं पाणी कालव्यानं से बांग फायला जाऊन मिळतं, आणि त्या नदीच्या काठी लाखाच्या वर लोक राहतात. पाणी वाढल्यावर त्यांच्या काठावरच्या भाजीच्या वाफ्यांचं आणि मासेमारीचं नुकसान झालं. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा कोयना प्रकल्पाच्याच कोळकेवाडी धरणातून सुटलेल्या पाण्यावरून आमच्याकडे किती वाद झाले, ते मी घरात चिखल काढताना ऐकलं आहे. त्यामुळे पुढच्या वेळी लूप नाही. न्योमलातहून कालव्याच्या कडेनं महासाय, आणि मग नदीबरोबर खाली मेकाँगपर्यंत. पाऊस संपल्यावर, नोव्हेंबरच्या सुमाराला. कुणी त्या बाजूनं गाडी चालवली असेल तर रस्त्याची अवस्था मला कळवा.