जिप्सीचे दिवे, रिले आणि वाटेत हरवलेले दोन व्होल्ट

माझ्या जुन्या मारुती जिप्सीचे पुढचे दिवे मंद आहेत, हे पुण्यातल्या रस्त्यांवर कधी जाणवलेच नव्हते, कारण शहरात आपण बहुतेक वेळ दुसऱ्यांच्या उजेडात गाडी चालवत असतो. भोरहून महाडकडे जाताना वरंधा घाटात पाऊस आणि धुके एकदमच आले, ओला काळा डांबरी रस्ता सगळा उजेड गिळू लागला आणि दरीच्या बाजूचा कठडा वळण अगदी जवळ आल्यावरच दिसू लागला. तेव्हा हे असे चालणार नाही, याची मला खात्री पटली.

परतल्यावर एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी लगेच सांगितले, "साहेब, 100/90 चे बल्ब टाका, रस्ता दिवसासारखा दिसेल." मूळ एच-फोर बल्ब (एकाच बल्बात दोन्ही झोत असलेला) 60/55 वॅटचा असतो, म्हणजे अप्परला (दूरच्या झोताला) 60 आणि डिप्परला (खालच्या झोताला) 55. हा सल्ला मी आधी एकदा मानला होता आणि त्याचे फळही पाहिले होते: दोन महिन्यांत बल्बचा होल्डर तपकिरी पडून ठिसूळ झाला आणि स्टेअरिंगजवळच्या स्विचमधून जळका वास येऊ लागला. शंभर वॅटचे दोन दिवे अप्परवर 16 अँपिअरहून अधिक प्रवाह ओढू पाहतात, आणि तो सगळा प्रवाह त्या स्विचच्या नखाएवढ्या संपर्कबिंदूंतून जातो. शिवाय समोरच्या चालकाचे डोळे दिपतात ते वेगळेच. अरुंद घाटात समोरून एसटी येत असताना तिच्या चालकाला काही क्षण आंधळे करणे मला कोणत्याही कारणाने मान्य नाही.

या वेळी मी बल्बला हात न लावता आधी मीटर लावला. इंजिन चालू, डिप्पर चालू, बॅटरीच्या टोकांवर 13.9 व्होल्ट, बल्बच्या दोन पिनांमध्ये मात्र 11.8. दोन व्होल्टहून अधिक दाब वाटेतच संपत होता. तो कुठे संपतो हे शोधण्यासाठी मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरे बल्बच्या धन पिनवर धरले, तर फरक फक्त 0.4 व्होल्ट निघाला. इथेच थांबलो असतो, तर वायरिंग ठीक आहे असा चुकीचा निष्कर्ष काढून मोकळा झालो असतो. उरलेला दाब अर्थच्या बाजूला, म्हणजे प्रवाह गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परततो त्या वाटेवर, हरवत होता: बल्बच्या दुसऱ्या पिनपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत 1.7 व्होल्ट.

याचे कारण या गाडीच्या रचनेत आहे. अनेक जपानी बनावटीच्या गाड्यांप्रमाणे माझ्या जिप्सीतही दिव्याच्या सामाईक पिनला (अप्पर आणि डिप्पर दोघांसाठी एकच असलेल्या) फ्यूजमधून धन पुरवठा कायम मिळत असतो, आणि स्विच अप्परची किंवा डिप्परची तार अर्थला जोडतो. म्हणजे दोन्ही दिव्यांचा सुमारे 9 अँपिअर प्रवाह बारीक तारेने डॅशबोर्डपर्यंत जातो, झिजलेल्या स्विचमधून पलीकडे निघतो आणि मग कुठे त्याला बॉडी सापडते. 1.7 व्होल्ट आणि 9 अँपिअर यांचा गुणाकार केला, तर साधारण 15 वॅट उष्णता रस्त्यावर उजेड पाडण्याऐवजी तारा आणि स्विच तापवण्यात जात होती.

हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही. तो ढोबळमानाने व्होल्टेजच्या 3.4 व्या घाताने बदलतो. बल्बचा उजेड 13.2 व्होल्टला मोजून ठरवलेला असतो असे धरले, तर 11.8 व्होल्टला त्याच्या जवळपास 68 टक्केच उजेड मिळतो. बल्ब उत्तम होता, पण त्याची उपासमार चालली होती.

त्यावर उपाय रिलेचा. रिले म्हणजे लहान प्रवाहाने चालणारा मोठा स्विच: 85 आणि 86 या पिनांमध्ये कॉइल असते, तिला जेमतेम 0.15 ते 0.2 अँपिअर लागतो, आणि ती चालू झाली की 30 व 87 या पिना आतून जोडल्या जातात. नाना पेठेतून चार पिनांचे दोन रिले त्यांच्या सॉकेटसह, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, दोन फ्यूज होल्डर आणि एच-फोरचे दोन सिरॅमिक होल्डर आणले. दिव्यांचे जुने, धुरकटलेले परावर्तकही बदलले. जिप्सीचा दिवा सात इंची गोल असल्यामुळे काचेचे चांगले युनिट सहज मिळते. मात्र ते डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठीच बनवलेले आहे ना, हे विकत घेतानाच पाहावे, नाहीतर डिप्परचा वर चढणारा कोपरा समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

जोडणी अशी केली. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत प्रत्येकी 15 अँपिअरचे दोन फ्यूज, एक अप्परचा आणि एक डिप्परचा. एक उडाला तरी घाटात पूर्ण अंधार होऊ नये, म्हणून ते वेगळे ठेवले. तिथून दोन्ही रिलेंच्या 30 क्रमांकाला जाड तार, आणि 87 मधून दोन्ही बल्बांच्या अप्पर व डिप्परच्या पिनांना. बल्बांची सामाईक पिन आता जाड तारेने थेट अर्थला. कॉइलसाठी डाव्या दिव्याचा जुना कपलर, म्हणजे बल्बवर बसणारा तारांचा जोड, वापरला: त्यातली कायम धन असलेली तार दोन्ही रिलेंच्या 86 ला, आणि स्विचकडून येणाऱ्या दोन तारा ज्याच्या त्याच्या 85 ला. धन बाजूने स्विच होणाऱ्या गाडीत हेच उलटे होईल, म्हणून जोडणीपूर्वी मीटर लावणे टाळू नये. रिलेच्या आत डायोड असेल तर 86 धन आणि 85 ऋण ही दिशाही पाळावीच लागते. उजवीकडचा मोकळा कपलर स्लीव्ह चढवून बंद केला.

रिले पिना खाली करून बसवले, म्हणजे सॉकेटमध्ये पावसाचे पाणी साचत नाही. लग (तारेच्या टोकाच्या धातूच्या कड्या) नीट क्रिम्प करून, म्हणजे पकडीने दाबून बसवून, त्यांवर उष्णतेने आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह चढवली. तारा पिळून काळी टेप गुंडाळण्याची पद्धत इंजिनाच्या उष्णतेत फार काळ टिकत नाही. अर्थच्या बोल्टखालचा रंग चकाकता पत्रा दिसेपर्यंत खरवडला.

स्विच फिरवल्यावर बोनेटखाली टक् असा आवाज आला आणि मीटरने बल्बवर 13.5 व्होल्ट दाखवले. हिशेबाने उजेड दीडपटीहून अधिक वाढला, तोही त्याच 60/55 च्या बल्बांत. बल्बांचे आयुष्य यामुळे काहीसे कमी होते, पण तो सौदा मला मंजूर आहे. त्याच संध्याकाळी दहा मीटरवरच्या भिंतीसमोर गाडी उभी करून डिप्परची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा दहा सेंटिमीटर खाली आणली, कारण उजेड वाढल्यावर चुकीच्या रोखाचा त्रासही तेवढाच वाढतो.

वर्षभराने, मृगाच्या आधी, पुन्हा मीटर लावला. डावा दिवा 13.5 वरच होता, उजवा 13.1 वर उतरला होता. उजव्या अर्थच्या बोल्टवर हिरवट थर धरला होता. तो सँडपेपरने घासला, लग पुन्हा आवळला आणि वरून ग्रीस लावले, आकडा 13.5 वर परत आला.