घासाघीस

परवा मंगळवारी दुपारी ऑफिसात जेवणाचा डबा उघडला आणि फोन थरथरला. आमची एक फँटसी लीग आहे : अमेरिकन फुटबॉलमधल्या खऱ्या खेळाडूंची कागदावर टीम बांधायची, आणि ते मैदानावर जसे खेळतील तसे गुण आपल्याला. तिच्यातल्या दंतवैद्याने ट्रेड, म्हणजे अदलाबदलीचा प्रस्ताव, पाठवला होता. त्याचे दोन वाइड रिसीव्हर, म्हणजे लांबून फेकलेला चेंडू झेलणारे, मी घ्यायचे, आणि टीम निवडताना पहिल्याच फेरीत घेतलेला माझा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, त्याला द्यायचा. खाली एक ओळ : ‘घे रे, तुझ्यासाठी म्हणून देतोय.’

‘तुझ्यासाठी म्हणून’ देणाऱ्याने सगळं आधी पाहिलेलं असतं. माझ्या रनिंग बॅकचे पुढचे चार सामने कुठल्या पोकळ बचावाशी आहेत, त्याची सुट्टी कधी होऊन गेली, हे त्याला पाठ असतं. मी लागोपाठ हरलोय, म्हणजे जरा घाबरलेला असणार, हेही त्याने ताडलेलं असतं. मंगळवार उगाच निवडलेला नसतो. सोमवारचा सामना संपून निकाल लागलेला असतो, जखम ताजी असते.

मला एकूणच दोनास एक या सौद्याचा राग आहे. दोन बरे देऊन एक चांगला मागायचा, आणि वर बेरीज करून दाखवायची की बघ, तुझ्याच बाजूला जास्त येतेय. येते हो. पण रविवारी एक वाजता उतरवायला जागा एकच असते, आणि दुसऱ्याला ठेवून घ्यायचं तर बाकावरच्या कुणाला तरी नारळ द्यावा लागतो. बेरीजवाले हे कधी सांगत नाहीत. खरं तर हा सौदा मी लहानपणापासून बघत आलोय, फक्त पलीकडच्या बाजूने.

डोंबिवलीला आमच्या चाळीत दुपारी तीनच्या सुमाराला बोहारीण यायची. ‘भांडीऽऽय्ये’ अशी आरोळी जिन्यात घुमली की आई तांदूळ निवडायचं ताट बाजूला सारायची. जुन्या कपड्यांचं गाठोडं तयारच असायचं, पण ते ती बाहेर आणायची नाही. आधी दोन सुती शर्ट. बोहारीण त्यांच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. मग एक पॅन्ट. मग बऱ्याच वेळाने, जणू आत्ताच आठवलं अशा चेहऱ्याने, जरीची साडी. बोहारीण ती उजेडाकडे धरायची, पदर दोन बोटांत घेऊन ताणायची, मग उलटून खालच्या काठाशी यायची, टाचेला घासून घासून कापड जिथे पहिलं जातं तिथे.

‘बाई, विरलीय.’

‘विरलीय काय? लग्नाकार्यालाच नेसलेय फक्त.’

‘मग ठेवा की पुढच्या लग्नाला.’

आईला हवा असायचा झाकणाचा स्टीलचा डबा, पण ती चौकशी करायची मोठ्या पातेल्याची. पातेलं परवडत नाही म्हणून पुरेसं हळहळून झालं की, ‘बरं, मग तो डबा तरी दे’. बोहारीण म्हणायची, अजून एक पॅन्ट टाका. आई उठायची. बोहारीण टोपलं डोक्यावर घ्यायला लागायची. आई उंबऱ्याच्या आत, बोहारीण जिन्याच्या पहिल्या पायरीवर, आणि मधे मी, जीव मुठीत धरून, कारण तो डबा माझ्या चिवड्यासाठी होता. त्या दोघींना मात्र पुढचं सगळं माहीत असायचं. व्हायचं तसंच. संध्याकाळी आई शेजारच्या काकूंना सांगायची, चांगली फसवली तिला. पुढच्या चाळीत बोहारीणही हेच सांगत असणार याबद्दल मला शंका नाही. वडील तेवढे ‘माझी करडी पॅन्ट कुठेय?’ म्हणत कपाट उपसत बसायचे. त्यांना कुणी विचारलेलं नसायचं.

पुण्याचा भाचा मला विचारायचा, ‘मामा, तुमचं ते ड्रीम इलेव्हनसारखंच ना?’ नाही रे बाबा. तिथे संध्याकाळच्या सामन्यापुरती टीम जुळवायची, सामना संपला की टीमही संपली, आणि एकच कोहली लाखो लोकांच्या टीममध्ये. इथे ऑगस्टअखेर ड्राफ्ट झाला, म्हणजे सगळ्यांनी आपापले खेळाडू निवडले, की लीगमध्ये एक खेळाडू एकाचाच. तो हवा असेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्या दारात जाऊन बसावं लागतं. मला खेळापेक्षा हे दारात बसणंच आवडतं. बायको म्हणते, ‘पुण्यात रिक्षावाला मागेल तेवढे देऊन मोकळा होतोस, आणि इथे अर्ध्या गुणासाठी रात्री एकपर्यंत जागतोस.’ यावर माझ्याकडे उत्तर नाही. रिक्षावाल्याचे पुढचे चार सामने कोणाशी आहेत ते मला ठाऊक नसतं, एवढंच.

आणि दार ठोठावलं जातं ते बहुतेक वेळा रनिंग बॅकसाठीच. दहा यार्ड धावला की एक गुण, चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, म्हणजे टचडाउन केला, की सहा, आणि आमच्याकडे चेंडू झेलला तरी वर एक. सामन्यात वीसवीसदा चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसणारा गडी ज्याच्याकडे, त्याचा रविवार सुखाचा. फक्त हा माल टिकत नाही. दर वेळी सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याच्या अंगावर कोसळतात. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक चाळिशीतही खेळताना दिसतो. रनिंग बॅक सत्ताविशीत आला की आम्ही त्याला उजेडाकडे धरायला लागतो. मागच्या वर्षी चेंडू किती वेळा दिला होता? पावलांत जोर आहे ना? बुधवारी सरावाला का नव्हता?

खऱ्या संघांचंही वेगळं नसतं. 12 ऑक्टोबर 1989 ला डॅलस काउबॉइजनी आपला रनिंग बॅक हर्शेल वॉकर मिनेसोटाच्या संघाला देऊन टाकला. काउबॉइजची त्या हंगामात इतकी वाताहत झाली की 16 सामन्यांत एकच जिंकला, आणि वॉकर हा त्यांच्या घरातला एकुलता एक दागिना. मिनेसोटाला वाटलं, हा एवढा आला की सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, आपलाच. डॅलसने बदल्यात खेळाडू मागितले, आणि प्रशिक्षक जिमी जॉन्सनचा डोळा होता त्या खेळाडूंच्या मागे बांधलेल्या ड्राफ्टच्या निवडींवर, म्हणजे कॉलेजातून येणारे नवे खेळाडू निवडायच्या हक्कांवर. चौकशी पातेल्याची, नजर डब्यावर. त्या निवडींतून काय काय आलं त्यात एमिट स्मिथही आला, जो पुढे 18,355 यार्ड धावला आणि आजही त्या यादीत सगळ्यांत वर आहे. डॅलसने चार हंगामांत तीन सुपर बोल नेले. वॉकर 1991 नंतर मिनेसोटातून गेला. आमच्या लीगमध्ये नवीन माणूस आला आणि कुणा एकासाठी सगळं घर रिकामं करायला निघाला, की दंतवैद्य ‘वॉकर’ एवढं एकच नाव ग्रुपवर टाकतो आणि गप्प बसतो. तेवढ्यापुरता मला तो आवडतो.

आमच्या न्यू जर्सीत मात्र बार्कलीचा विषय जपून काढावा लागतो. जायंट्स संघाच्या नावात न्यूयॉर्क असलं तरी मैदान आमच्याच राज्यात, ईस्ट रदरफोर्डला. 2024 च्या मार्चमध्ये त्यांनी आपला रनिंग बॅक सॅक्वॉन बार्कली याचा करार संपू दिला, आणि तो गेला थेट फिलाडेल्फियाला, म्हणजे सख्ख्या वैऱ्याकडे. बदल्यात ना डबा ना पातेलं. मालक जॉन मारा यांनी मॅनेजरला आधीच सांगितलं होतं की हा फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणं कठीण आहे; तिथे कॅमेरा चालू होता, त्यामुळे ते साऱ्या देशाने ऐकलं. त्या हंगामात बार्कली 2,005 यार्ड धावला. एरिक डिकरसनचा 1984 सालचा 2,105 चा विक्रम मोडायला आणखी 101 हवे होते, शेवटचा सामना शिल्लक होता, आणि तो नेमका जायंट्सशीच. फिलाडेल्फियाच्या ईगल्सनी त्याला बसवून ठेवलं, प्लेऑफसाठी जपायला. मारांना त्या रात्री तरी झोप लागली असेल का, मला नेहमी प्रश्न पडतो. फेब्रुवारीत ईगल्सनी सुपर बोल जिंकला त्या दिवशी बार्कलीला 28 वर्षं पूर्ण झाली.

ढोलताशे थांबायच्या आत आमच्या ग्रुपवर सुरू झालं : आता विका. एवढे कप्पाळकरंटे कसे, असं वाटेल, पण हिशेब त्यांच्या बाजूने आहे. एका हंगामात दोन हजारांच्या पुढे धावलेले तोवर नऊ जण होते आणि त्यांतल्या एकालाही ते दुसऱ्यांदा जमलं नव्हतं. डेन्व्हरचा टेरेल डेव्हिस 1998 ला 2,008 यार्ड धावला. पुढच्या वर्षी चौथ्याच सामन्यात गुडघा गेला, तोही चेंडू घेऊन पळताना नाही, तर समोरच्याने चेंडू पळवला म्हणून त्याला पाडायला गेला तेव्हा. तो हंगाम आणि नंतरचे दोन, सगळे मिळून 17 सामने खेळला, आणि संपलं.

त्याच 1999 च्या जुलैत डेट्रॉइटच्या बॅरी सँडर्सने वेगळा रस्ता धरला. वय 31, पाय शाबूत, वॉल्टर पेटनचा कारकिर्दीत सर्वाधिक यार्ड धावण्याचा विक्रम 1,457 यार्डांवर, म्हणजे त्याच्या हिशेबाने एका हंगामाच्या टप्प्यात. त्याने विचिटाला, आपल्या गावच्या वर्तमानपत्राकडे, फॅक्स पाठवून निवृत्ती जाहीर केली. लोक अजून डोकं खाजवतात. मला त्यात काहीच कोडं दिसत नाही.

2023 च्या जुलैमध्ये काही रनिंग बॅक पगाराचं काय करायचं म्हणून झूमवर जमले. क्लीव्हलँडच्या निक चबला पत्रकारांनी नंतर त्याबद्दल विचारलं. त्याचं म्हणणं असं, की चांगलं खेळल्याचा तोटा होतो अशी आमची एकच जागा आहे; दोन हजार यार्ड धावलो तर पुढच्या वर्षी हेच म्हणतील, आता हा झिजला असणार. आत्ता तरी आमच्या हातात काही नाही, असंही म्हणाला. सप्टेंबरात एका सोमवारी रात्री पिट्सबर्गला त्याचा डावा गुडघा गेला. कॉलेजात असताना, 2015 साली गेला होता तोच. टीव्हीवाल्यांनी तो क्षण पुन्हा दाखवला नाही. एरवी साधी ढकलाढकली झाली तरी सहा बाजूंनी दाखवतात.

चबला गाडीवर घालून मैदानाबाहेर नेत होते तेवढ्यात आमच्या ग्रुपवर प्रश्न आला : ‘फोर्ड कोणाकडे आहे?’ जेरोम फोर्ड, चबच्या मागे रांगेत उभा असलेला. कोणाकडेच नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर त्या हंगामातली सगळ्यांत मोठी बोली लागली. ती माझी नव्हती. आमच्याकडे प्रत्येकाला वर्षाला शंभर खोटे डॉलर मिळतात आणि माझे आदल्याच आठवड्यात संपले होते. बाल्टिमोरच्या डॉबिन्सची टाचेमागची शीर तुटली होती, त्याच्या जागी येणाऱ्यावर लावले होते.