आमची वाटचाल: विहीर क्रमांक १७ पासून

आमच्या कोथरूडच्या ऑफिसात शिरलं की समोरच्या भिंतीवर एका एक्सेल शीटची प्रिंट दिसते. तिच्यातल्या एका आकड्याभोवती लाल पेनाने गोल काढलाय. विखुरलेल्या संशोधन गटांसाठी सॉफ्टवेअर करणारी आमची कंपनी सुरू झाली ती त्या आकड्यामुळे.

२०१२ साली माझी मोठी बहीण भूजलावर संशोधन करत होती. पुरंदर तालुक्यातल्या विहिरींची पातळी (काठापासून पाणी किती खोल) दर पंधरा दिवसांनी मोजायची, पुण्यात आकडे तपासायचे आणि जर्मनीतला एक गट त्यावर मॉडेल चालवायचा, अशी तीन ठिकाणी विखुरलेली टीम होती. आकडे ईमेलने फिरायचे. फाइलींची नावं ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘मॅडमनी बघितलेली फायनल’. एका रात्री ताईचा फोन आला, “अरे, सतरा नंबरच्या विहिरीत ऐन मे महिन्यात पाणी सव्वादोन मीटरवर दाखवतंय. मी स्वतः वाकून बघितलीय ती विहीर. शक्यच नाही.”

मी तेव्हा हिंजवडीत नोकरीला होतो. दोन शनिवार-रविवार तिच्या शेजारी बसून सगळ्या ईमेल उलट्या क्रमाने उघडत गेलो, तेव्हा कुठे उलगडा झाला. फील्डवरच्या मुलाने फुटांत लिहिलं होतं, २४.६. पुण्यात कुणीतरी त्याचे मीटर केले, ७.५०. कॉलमच्या डोक्यावर नुसतंच ‘पातळी’ होतं, एकक नव्हतं. फील्डवर फुटांत मोजतात एवढं जर्मनीतल्या गटाला ठाऊक होतं, म्हणून त्यांनी पुन्हा ०.३०४८ ने गुणलं आणि आलं २.२९. तिघांनीही आपापल्या जागी बरोबरच काम केलं होतं. कोणी, कधी आणि का बदललं, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर मी आणि कॉलेजपासूनचा एक मित्र, दोघांनी नोकऱ्या सोडल्या. लांब-लांबच्या संशोधन गटांना एकत्र काम करता येईल अशी सॉफ्टवेअरची चौकट उभी करायची, हे ठरलेलं होतं. पाया म्हणून गिट घेतलं, फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, कामासाठी ते लिहिलं. जगभर पसरलेल्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या लोकांनी एकाच कोडवर काम करायचं, तर प्रत्येक बदलाबरोबर नाव, वेळ आणि कारण जोडलेलं हवं. आम्हाला नेमकं तेच हवं होतं. अडचण एवढीच की एक्सेलची फाइल गिटला बंद गाठोड्यासारखी दिसते. फाइल बदलली एवढं ते सांगतं, कुठल्या रकान्यात काय बदललं ते सांगत नाही. म्हणून आम्ही सगळा डेटा सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत, आणला आणि वर ब्राउझरमधला फॉर्म बसवला. एकक लिहिल्याशिवाय कॉलम तयारच होणार नाही, हा आमचा पहिला नियम. तो आजही आहे.

आता २०१५ च्या पावसाळ्याबद्दल लिहायलाच हवं. फील्डवर रेंज नसते, म्हणून आम्ही टॅबलेटवर ऑफलाइन नोंद घ्यायची सोय केली होती. रेंज आली की डेटा सर्व्हरवर जायचा. एकाच ओळीत दोन बदल आले तर ज्याची वेळ नंतरची तो धरायचा, असा सरळ नियम लावला होता. एका टॅबलेटची बॅटरी पूर्ण उतरली आणि त्याचं घड्याळ मागे गेलं. पुण्यातून त्या फेरीच्या रिकाम्या ओळी आधीच तयार करून ठेवलेल्या असत, चालू तारखेच्या. टॅबलेटवरून आलेल्या ओळींवर जुनी तारीख. आमच्या सॉफ्टवेअरने रिकाम्या ओळी ताज्या धरल्या, भरलेल्या ओळी शिळ्या म्हणून टाकून दिल्या, आणि कुणाला कळवलंही नाही. ४३ नोंदी गेल्या. भर पावसात विहिरीच्या काठावर टेप सोडून तो मुलगा उभा राहिला होता. त्याच्या खिशातल्या डायरीमुळे ३१ परत मिळाल्या. उरलेल्या १२ कायमच्या गेल्या, कारण त्या दिवशीची पातळी पुन्हा कधीच मोजता येत नाही. दोष पूर्णपणे आमचा होता. मी ताईकडे गेलो, त्या मुलाकडेही गेलो आणि माफी मागितली.

पुढच्याच फेब्रुवारीत, ११ तारखेला, गुरुत्वीय लहरी सापडल्याची घोषणा झाली. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे शास्त्रज्ञही लायगोच्या, म्हणजे त्या लहरी टिपणाऱ्या वेधशाळांच्या, सहकार्यात होते. शोधनिबंधावर हजाराहून जास्त लेखकांची नावं होती. मी अडकलो ते एका तपशिलापाशी. अमेरिकेतल्या दोन वेधशाळा एकमेकींपासून सुमारे ३००० किलोमीटरवर, आणि दोन्हीकडे लहर पोचण्याच्या वेळेतला फरक साधारण ७ मिलिसेकंद. हा फरक धरता येतो कारण तिथली घड्याळं जीपीएसशी बांधलेली आहेत. आमच्या टॅबलेटला तारीखही धड ठाऊक नव्हती आणि आम्ही त्याच्या घड्याळावर निर्णय सोपवला होता.

संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ सालीच दाखवून दिलंय की विखुरलेल्या यंत्रांत कुठली घटना आधीची हे ठरवायला भिंतीवरच्या घड्याळाची गरज नाही. कोणी कोणता बदल पाहून मग पुढचा बदल केला, याची साखळी ठेवली की पुरतं. आणि साखळीत दोन बदल एकमेकांना न पाहता झालेले आढळले, तर कुणाला तरी जिंकवायचं कशाला? २०११ साली मार्क शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीआरडीटी या डेटा रचना नीट मांडल्या. कल्पना अशी: प्रत्येकाने आपल्या यंत्रावर स्वतंत्र काम करावं, जोडणी आली की सगळ्यांकडे एकच चित्र तयार व्हावं, मधे कुणी मुकादम नको. आम्ही आठ महिने दुसरं काम न घेता सिंक, म्हणजे टॅबलेट आणि सर्व्हरवरचा डेटा जुळवणारा भाग, पुन्हा लिहिलं. त्या काळात घर बायकोच्या पगारावर चाललं.

इथे माझं एक ठाम मत झालंय. लेख लिहिताना दोघांचे बदल आपोआप मिसळले तर उत्तम. मोजमापाचं तसं नाही. एकाने ८.४ लिहिलं आणि दुसऱ्याने ९.१, तर सॉफ्टवेअरने सरासरी काढू नये, एक निवडूही नये. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दाखवावेत आणि माणसाला विचारावं. आमच्या पडद्यावर अशी ओळ पिवळी होते आणि कुणीतरी निर्णय घेईपर्यंत पिवळीच राहते.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि फोन थांबेनात. सगळ्यांना व्हिडिओ मीटिंग हवी होती. ती आम्ही लिहिली नाही. जित्सी आणि बिगब्लूबटन मुक्त स्रोत आहेत, तेच संस्थांच्या सर्व्हरवर बसवून दिले. खरी नड वेगळी होती. विद्यार्थी गावी अडकले होते आणि त्यांचा प्रोग्रॅम चालायचा तो फक्त लॅबमधल्या कंप्युटरवर. त्यांच्यासाठी ज्युपिटरहब उभं केलं. ब्राउझर उघडला की लॅबमधलंच वातावरण, त्याच लायब्ररी, त्याच आवृत्त्या. एक मुलगी चिपळूणजवळच्या घरून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, पीएचडीचं शेवटचं विश्लेषण पूर्ण करत होती. तिचा मेसेज मी अजून जपून ठेवलाय.

पैशाचं गणित कायम अवघड राहिलं. प्रकल्पाचा निधी मार्चअखेरीला येतो, बिल पुढच्या आर्थिक वर्षात ढकललं जातं आणि आम्हाला पगार दर महिन्याला द्यायचे असतात. आज आम्ही नऊ जण आहोत. तरी एक गोष्ट सोडली नाही: कुठल्याही गटाला आपला सगळा डेटा, इतिहासासकट, एका क्लिकवर घेऊन जाता येतो. आमचा करार संपला तरी.

मागच्या महिन्यात सतरा नंबरच्या ओळीवर पुन्हा पिवळा रंग आला. सकाळी ९.१, संध्याकाळी ८.४. जर्मनीतल्या बाईंनी विचारलं, कोणता आकडा घेऊ? बदलाच्या कारणाच्या चौकटीत फील्डवरच्या दादांनी लिहिलं होतं, “सकाळी मोटार चालू होती. बंद करायला सांगून संध्याकाळी परत मोजलं.” ताईने ते इंग्रजीत करून पाठवलं. बाईंनी ८.४ घेतला. ९.१ सुद्धा तिथेच आहे, कारणासकट.